हवेला भिणारा माझा दीर

पाइप सुटला तेव्हा माझ्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. बोअरच्या भोकातून पहिला ओला चिखल उडाला, पाणी लागलं म्हणून बायांनी गलका केला आणि तेवढ्यात गाडीच्या बाजूनं असा आवाज झाला की मला वाटलं, माझंच डोकं फुटलं. मनगटाएवढा जाड रबरी पाइप जोडातून निसटला आणि अंगणात नाचायला लागला. नाचायला लागला हा शब्द चांगला नाही, पण दुसरा मला येत नाही. त्याच्या टोकाला लोखंडाचा गोळा होता. त्या गोळ्यानं पाण्याचं पिंप चेपलं, पेरूची फांदी उडवली आणि माझ्या पायापासून हातभरावर जमीन उकरली. अंगणात चुन्याची रेषा मारलेली होती आणि आम्ही सगळे रेषेबाहेर होतो, म्हणून आम्हाला मागे पळता आलं. कंप्रेसरवरचा माणूसही पळाला, त्यात त्याची काही चूक नाही. एकच माणूस पुढे गेला. फुगे फुगवणाऱ्याकडे जन्मभर पाठ करून बसणारा माझा धाकटा दीर खाली वाकून, डोक्यावर हात घेऊन, हवा बंद करायला त्या धुळीत शिरला.

त्याच्याइतका हवेला भिणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नाही आणि होणार नाही. वाघाला भिणारी माणसं असतात, भुताला भिणारी असतात, बायकोला भिणारी तर घरटी एक असते. हा हवेला भ्यायचा. वाऱ्याला नव्हे. वादळात खुशाल उघड्यावर उभा राहून कौलं मोजायचा. त्याची भीती कोंडलेल्या हवेची. टायरमधली, कुकरमधली, सोड्याच्या बाटलीतली. त्या दिवशी जे झालं त्याबद्दल तो अजून मनात धरून आहे की साखळी बांधायला मी विसरलो, माझ्यामुळे झालं. ते तसं झालेलं नाही. कसं झालं ते मी सांगणार आहे, पण आधी माणूस कसा होता ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, तुम्ही म्हणते. इथे तो म्हणते, कारण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे आणि लिहिताना मान द्यायला वेळ लागतो.

वरसे गावात आमची दोन घरं एका भिंतीची. अलीकडे मी, पलीकडे तो. माझे मालक गेले, पुढे त्याची बायकोही गेली, आणि मधल्या भिंतीतून एकमेकांचा खोकला तेवढा ऐकू यायचा. तो बोअर मारायच्या गाडीवर तीस वर्षं होता. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, दोन ट्रक असतात. एकावर जमिनीत उतरणारा दांडा, दुसऱ्यावर कंप्रेसर. कंप्रेसर हवा दाबतो, ती जाड पाइपातून दांड्यात जाते, खाली हातोडा बडवते आणि फुटलेल्या दगडाची भुकटी वर उडवते. आमच्याकडचा काळा पाषाण लोखंड फोडतं असं लोकांना वाटतं. फोडते ती हवा. हे मला त्यानं लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सांगितलं आणि पुढे दर दिवाळीला सांगितलं. "पाणी फुटला तर भिजवतं, आग लागली तर दिसते," तो म्हणायचा. "हवा दिसत नाय, वयनी. आणि फुटल्यावर सांगाय कोण उरत नाय."

कुणाच्याही घरी गेला की हा आधी स्वयंपाकघरात जायचा. देव, म्हातारं माणूस, पाळण्यातलं पोर, सगळं नंतर. आधी कुकर. शिट्टी काढून उजेडात धरायची, भोकातून पलीकडचं दिसतं का बघायचं, झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व नखानं दाबायचा. लोकांना आधी राग यायचा, मग सवय झाली. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही कोलाडच्या पलीकडे गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली, आणि हा जागेवर नाही. बघतो तर आत चुलीपाशी. मुलीच्या आईला वाटलं, वरपक्षाचा माणूस भांडीकुंडी मोजतोय. तिचा चेहरा उतरला, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग हा झाकण हातात घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला विचारलं की हा व्हॉल्व नवा दिसतो, कोणी बदलला. ती म्हणाली, मी बदलला, रोह्याच्या बाजारातून आणून. एवढंच बोलणं झालं. हा खाली बसला, पोह्यांची बशी उचलली आणि म्हणाला, "पोरगी पसंत." माझ्या मुलानं अजून तिचा चेहरा धड बघितला नव्हता. तीच माझी सून. सोळा वर्षं झाली, माणूस म्हणून चांगली निघाली, तोंडानं जरा फटकळ आहे. माझ्या घरात ते चालतं.

हायवेला एका हॉटेलात आम्ही एकदा मिसळ खायला थांबलो, मी, मुलगा, सून आणि हा. शेजारी टायरवाला ट्रकच्या टायरात हवा भरत होता. ह्यानं खुर्ची उचलली आणि भिंतीमागे नेली. मग आमच्या खुर्च्या नेल्या. मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांना समजावलं की टायरच्या समोर बसू नका, रिंग उडाली तर मान घेऊन जाते. पाच मिनिटांत अख्खं हॉटेल भिंतीमागे उभं राहून मिसळ खात होतं. हॉटेलवाला पेटला. टायरवाला तर हसून हसून खाली बसला. दीर त्याच्याकडे गेला, त्याच्या मशीनवरच्या दाबाच्या घड्याळावर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केलं, आणि काटा जो हलला तो हलतच राहिला. टायरवाल्याचं हसू बंद झालं. जाताना हॉटेलवाल्यानं आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. कृतज्ञता म्हणून नव्हे, लवकर जावं म्हणून.

हे टकटक करणं त्याचं कुठेही चालायचं. भिंतीवरच्या घड्याळाला टकटक, रेशन दुकानातल्या काट्याला टकटक, दवाखान्यात डॉक्टर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायला लागले तर त्यांच्या यंत्राला टकटक. डॉक्टर म्हणाले, आजोबा, हात हलवू नका, तर हा म्हणतो, काटा अडकत नाय ना, ते आधी बघू. डॉक्टर तरुण होते, त्यांनी दुसरं यंत्र आणलं. दोन्हीवर आकडा सारखा आला तेव्हा ह्यानं मान हलवली, जणू डॉक्टरच पास झाले.

थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कुणी कोंबडी घालतं, तोंड भांबुर्ड्याच्या पाल्यानं गच्च भरायचं, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं हे करत आलीत आणि एकही मडकं उडालेलं नाही. पण तोंड बंद केलेलं भांडं विस्तवात ठेवायचं म्हटल्यावर हा शेताच्या दुसऱ्या बांधाला जाऊन बसायचा आणि तिथून ओरडून सूचना द्यायचा. एका वर्षी आम्ही पाला आणायला गेलो, तेवढ्यात ह्यानं मडक्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडून ठेवलं. वाफ जायला वाट पाहिजे म्हणे. त्या वर्षी आम्ही अर्धे कच्चे, अर्धे जळके वाल खाल्ले. मी त्याला त्या रात्री जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत होता आणि शेंगा सोलत होता. शेवटी म्हणाला, "वाल बिघडलं, माणसं बिघडली नाय ना?"

अशा माणसाला वेडा म्हणणं सोपं आहे. मीही म्हणायचे. कारण मला एकदाच कळलं, तेही त्याची बायको गेली तेव्हा तिच्या दहाव्याला, आम्ही ओटीवर बसलो असताना. तो कामाला लागला त्या वर्षी गाडीवर त्याच्या बरोबरीचा एक जोडीदार होता. दुपारची सुट्टी झाली, कंप्रेसर बंद केला, आणि जोडीदार पाइप बदलायला गेला. त्यानं दाबाच्या घड्याळात बघितलं, काटा शून्यावर होता. काटा शून्यावर अडकला होता. पाइपात हवा तशीच कोंडलेली. त्यानं जोड सोडला. दीर तिथून वीस पावलांवर डबा उघडत होता. एवढंच सांगितलं. नंतर म्हणाला, भाजी भेंडीची होती. त्या दिवसापासून हा भेंडी खात नाही, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. मला वाटायचं, चिकट लागते म्हणून.

तर गाडीवर त्याचे नियम होते. काम सुरू व्हायच्या आधी चुना घेऊन पाइपाच्या पूर्ण लांबीएवढी रेषा मारायची, रेषेच्या आत गाडीवरच्या माणसांशिवाय कुणी नाही, मग तो सरपंच असो. जोड सोडायच्या आधी हवा सोडायची, ती गेली हे कानानं ऐकायचं, काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. आणि तिसरा नियम साखळीचा. पाइप जिथे गाडीला जोडतात तिथे दोन्ही बाजूंना धरून ठेवणारी साखळी बांधायची, म्हणजे जोड निसटला तरी पाइप जागेवर राहतो, फडफडतो पण फिरत नाही. कंपनीच्या गाडीवर साखळीच्या जागी दोरी असायची. ह्याला दोरी नामंजूर. ह्याला गाई बांधायची साखळी लागायची, रोह्याच्या बाजारातल्या एकाच लोहाराकडची. नवी साखळी आणली की घरामागच्या आंब्याला बांधून हा स्वतः तिला लोंबकळायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, लेंगा सावरत झाडाला लटकलेला, आणि खाली त्याची बायको कुणी बघत तर नाही ना म्हणून चारी दिशांना बघणारी. एक नातेवाईक समाचाराला आला होता, तो फाटकातूनच बोंबलत आला की काय केलंस हे.

तो कामावरून उतरला तेव्हा कान निम्मे गेले होते. माणसाचं बोलणं त्याला अर्धंच कळायचं, पण भिंतीपलीकडे माझ्या कुकरच्या रबरातून वाफ गळायला लागली की हा दारात हजर. मी एकदा त्याला म्हटलं, मी पलीकडे मेले तर तुम्हाला कळणार नाही, रबर मेलं तर कळेल. तो म्हणाला, "तुम्ही आवाज न करता मराल काय, वयनी?" बरोबरच होतं ते.

आता त्या दिवसाचं. चार वर्षं झाली. वरसे गावात इमारती वाढल्या, इमारतींनी बोअर मारल्या आणि आमची विहीर फाल्गुनातच तळ दाखवायला लागली. मुलानं ठरवलं, आपणही अंगणात बोअर मारू. गाडी आली, बाहेरच्या राज्यातली माणसं, कामाला चांगली. दीर पहाटेपासून अंगणात. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडीवरचा मुख्य ऑपरेटर पाच मिनिटांत त्याला चाचा म्हणायला लागला. चुन्याची रेषा मारून झाली, इतकी लांब की माझी तुळस, पेरू आणि संडास हे सगळं आत गेलं. मी म्हटलं, माणसांनी जायचं कुठं. तो म्हणाला, धरून ठेवा. मग जोडाशी बघितलं तर तिथे नायलॉनची दोरी, तीही विरलेली. हा तडक माझ्या गोठ्यात गेला, माझ्या गाईच्या गळ्यातली साखळी सोडली, गाईला सुंभानं बांधलं आणि साखळी आणून पाइपाला बांधली. बांधल्यावर दोनदा ओढून बघितली. मी ओटीवरून बघत होते. माझी साखळी आहे हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

अकराच्या सुमाराला दांडा काढून दुसरा जोडायचा होता, म्हणून हवा बंद केली आणि सगळे चहाला बसले. दीर बसेना. काम थांबून परत सुरू व्हायच्या आधी जोड, साखळी, सगळं पुन्हा बघायचं, हा त्याचा नियम. मीच त्याला हाताला धरून बसवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्याच्या. दोनदा बघितलंत, आता काय मुका घेणार आहात त्या पाइपाचा, असं मी सगळ्यांसमोर म्हटलं. बाया हसल्या. तो बसला, पोहे घेतले.

तेवढ्यात बाजूच्या सोसायटीचा वॉचमन फाटकाशी आला. तुमची गाय आमच्या बागेत शिरली, शेवंतीचा वाफा खाल्ला, सेक्रेटरी बोंबलतायत. मी गोठ्यात गेले तर सुंभ तुटलेला, साखळी नाही. मग डोक्यात उजेड पडला. मला राग आला. माझ्या घरची वस्तू न विचारता घ्यायची, आणि बोलणी मी खायची. मी मागच्या बाजूनं गाडीपाशी गेले. पाइप मेलेल्या सापासारखा पडलेला होता, मशीन बंद, आवाज नाही. साखळी सोडली, गाईला धरून आणली, गोठ्यात बांधली. तोवर, दीर पोह्यांची बशी ठेवून उठायच्या आधीच, गाडीवाल्यांनी काम परत सुरू केलं होतं. मग हात धुतले आणि हळदी-कुंकवाचं ताट करायला घेतलं, कारण ऑपरेटर म्हणाला होता की भुकटीचा रंग बदललाय, आता पाणी लागेल. आमच्याकडे पहिल्या पाण्याला हळद-कुंकू वाहिल्याशिवाय कुणी ओंजळ लावत नाही. साखळी परत लावू असं माझ्या मनात होतं, असं म्हटलं तर खोटं होईल. मनात काहीच नव्हतं. मी विसरले.

पुढचं वर सांगितलं. दीर धुळीत शिरला, कंप्रेसरपर्यंत पोचला आणि हवा बंद केली. बंद करायच्या आधी पाइपाच्या टोकानं त्याच्या मांडीवर एक घाव घातला. हाड मोडलं. सुटलेल्या हवेच्या तोंडाशी तो जेवढा वेळ उभा होता तेवढ्यात उरलेले निम्मे कानही गेले. आवाज थांबला तेव्हा बोअरमधून पाणी वाहत होतं, आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

रोह्याहून त्याला पनवेलला हलवलं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्यानं बोलत होता, सगळा वॉर्ड बघत होता. त्यानं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "वयनी, साखळी मी बांधली होती नाय? माझ्या हाताला तिचा भार आठवतो. पण पाइपाला साखळी नव्हती, ऑपरेटरनं बघितलं. मग काय मी नुसती मनातच बांधली?"

त्याला ऐकू येत नव्हतं. मला बोलावंही लागणार नव्हतं, नुसती मान हलवायची होती. मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

त्याला त्याचं उत्तर मिळालं. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. घरी आल्यावर कुबडी घेऊन चालायला लागला, पण माणूस पूर्वीचा राहिला नाही. पाय किंवा कान याचं त्याला काही नव्हतं. त्याला स्वतःचा भरवसा राहिला नाही. नळ बंद केला की चिठ्ठीवर लिहायचा, नळ बंद केला. कडी लावली की लिहायचा, कडी लावली. मग चिठ्ठी खरी की खोटी म्हणून परत जाऊन बघायचा. कुणाच्या कुकरला हात लावेना. माझ्या सुनेनं मुद्दाम शिट्टी त्याच्या हातात दिली, खुणेनं विचारलं, बघा हो, तर त्यानं ती परत तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, तुझं तूच बघ पोरी, माझ्यावर नको राहू. ती आत येऊन रडली. मी तिला ओरडले, कांदा चिरताना रडायचं असतं, मध्येच नाही. साखळी त्या वेळी गोठ्यात गाईच्या गळ्यात होती. रोज धार काढताना ती माझ्या हाताला लागायची.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्याची मुलगी त्याला घेऊन गेली. ती पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीकडे दिलेली, सासरचे मिठागरात काम करणारे. मी एकदा एसटीनं गेले. रोह्याहून पेण, पेणहून पुढे रिक्षा. सांगायचं ठरवून गेले होते. तो बांधावर बसला होता, समोर मिठाचे चौकोन, खाडीच्या पाण्याला भरती. पूर्वीचा असता तर मी त्याला म्हटलं असतं, बरी जागा धरलीत, इथे फुटण्यासारखं काहीच नाही. त्याच्या शेजारी बसले. घरात कुकर वाजला. त्याला ऐकू येण्यासारखा नव्हता म्हणा, पण वाफ खिडकीतून दिसत होती आणि त्यानं तिकडे बघितलंही नाही. पुतणी बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा आता कशाला टकटक करत नाय गो काकी. डॉक्टरनं बीपी बघला तरी गप बसतो. माझाच जीव कसातरी होतो." मी पिशवीतून दोन किलो कडवे वाल काढून दिले आणि चारची गाडी धरली.

पलीकडच्या घराला कुलूप आहे. बोअरला पाणी चांगलं आहे, गोड आहे, सोसायटीवालेसुद्धा उन्हाळ्यात दोन हंडे मागून नेतात. माझ्या कुकरचं रबर गेल्या महिन्यात फाटलं. वाफ सुसू करत बाहेर येत होती. मी ती गळू दिली, बराच वेळ. भाताचा लगदा झाला. सून म्हणाली, सासूबाई, ऐकू येत नाही का. ऐकू येत होतं. पण उठून कोण येतं का, हे बघत होते. ह्या वयाला असा मूर्खपणा शोभत नाही, पण केला.

बहिऱ्या माणसाला फोनवर काही सांगता येत नाही, हे मला चार वर्षं फार सोयीचं पडलं. त्याला वाचता येतं. माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त शिकलाय.

भावजी, साखळी तुम्ही बांधली होती. दोनदा ओढून बघितली होती. तुमच्या हाताला तिचा भार आठवतो तो खरा आहे. मी तुम्हाला चहाला बसवलं आणि मीच मागून जाऊन ती सोडली. दवाखान्यात तुम्ही विचारलंत तेव्हा मला मान हलवता आली असती, मी हलवली नाही. आणि रेषा तुम्ही मारली होती, ती कुणी पुसली नाही. त्या दिवशी माझ्या अंगणात माझा मुलगा होता, सून होती, तिच्या कडेवर पोर होतं, शेजारच्या पाच बाया होत्या, गाडीवरची चार माणसं होती आणि मी होते. पाइप रेषेपर्यंत आला, रेषेच्या बाहेर आला नाही. आम्ही सगळी जगलो. आत तुम्ही एकटे गेलात, आणि तुम्हीही जगलात.